काठावरचे गोंडे

तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या महाग्रंथात राबा नावाच्या बाबिलोनच्या आचार्याने एक प्रश्न उपस्थित केला आहे. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण तोरा या मूळ शास्त्रात व्याजाच्या आज्ञेपाशी येते, वजनमापांच्या आज्ञेपाशी येते आणि वस्त्राच्या गोंड्यांच्या आज्ञेपाशीही येते. ती या तीन ठिकाणीच का यावी? व्याज आणि वजने ही बाजारातली बाब. अंगावरच्या कपड्याचा त्या पंगतीत काय संबंध? राबाचे उत्तर असे की मिसरमध्ये पहिला गर्भ कोणता आणि नंतरचा कोणता, हे माणसाला न कळणारे अंतर ज्याने ओळखले, तोच ईश्वर तीन लबाडांनाही ओळखतो. एक, आपलेच पैसे परधर्मीयाच्या नावावर दाखवून आपल्या बांधवाला व्याजाने देणारा. दुसरा, आपली वजने मिठात पुरून ठेवून त्यांचा भार बदलणारा. तिसरा, स्वस्त निळीने रंगवलेले दोरे कपड्याला लावून ते अस्सल ‘तेखेलेत’ असल्याचे सांगणारा.

श्रावकाला यातली दोन नावे ऐकताच घरचे काही आठवेल. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील शेवटचे दोन ‘हीनाधिकमानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ हे आहेत. देण्याची मापे वेगळी आणि घेण्याची वेगळी ठेवणे, आणि अस्सलाच्या नावाने त्यासारखे दिसणारे नक्कल विकणे. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध आल्याचे दाखवता येत नाही, आणि तो जोडण्याचे कारणही नाही. मापे आणि नकली माल यांच्याशी दोघींचीही गाठ पडली, इतकेच. फरक आहे तो एवढा की यहुदी परंपरेत नकली मालाचे उदाहरण म्हणून पूजेच्याच वस्तूची निवड झाली.

ही वस्तू म्हणजे ‘त्सित्सित’. तोरेच्या ‘गणना’ या पुस्तकाच्या 15व्या अध्यायाच्या शेवटी ही आज्ञा आहे: वस्त्राच्या टोकांना गोंडे करावेत, प्रत्येक टोकाच्या गोंड्यात निळा दोरा घालावा, ते पाहून ईश्वराच्या सर्व आज्ञा आठवाव्यात, आणि मनाच्या व डोळ्यांच्या मागे भरकटू नये. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात हीच गोष्ट आणखी थोडक्यात येते आणि तिथे टोकांची संख्याही सांगितली आहे: चार. मराठीत पदराच्या काठाला सुटणाऱ्या दोऱ्यांना दशा म्हणतात. श्वेतांबर साधूंच्या ओघ्याच्या लोकरी दोऱ्यांनाही हाच शब्द. ओघ्याच्या दशा जीवजंतूंना हळुवार बाजूला सारण्यासाठी असतात, त्सित्सितचे दोरे फक्त आठवण देण्यासाठी. त्यांनी काहीही पुसायचे, झाडायचे वा बांधायचे नसते.

आज्ञा एवढीशी आणि तिच्याभोवती नियमांचे रान केवढे! प्रत्येक टोकाला, काठापासून तीन बोटांच्या आत पण अगदी कडेला नव्हे, असे एक छिद्र. त्यातून चार दोरे ओवून दुमडायचे, म्हणजे आठ पदर होतात. मग दुहेरी गाठी पाच, आणि गाठींच्या मधल्या जागेत लांब दोऱ्याचे वेढे. पूर्व युरोपातून आलेल्या अश्कनाझी परंपरेत ते 7, 8, 11 आणि 13. अनेक सेफार्दी घराण्यांत 10, 5, 6 आणि 5, कारण ईश्वराच्या चार अक्षरी नामाची अंकमूल्ये तीच आहेत. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो. ‘त्सित्सित’ या शब्दाची बेरीज 600 भरते. तीत आठ पदर आणि पाच गाठी मिळवल्या की 613, आणि तोरेतील आज्ञांची परंपरेने मानलेली संख्या नेमकी हीच. अशी गणिते पाठांतराच्या सोयीची असतात. नियमाचा गाभा मात्र वेगळ्याच कलमांत आहे.

दोरा कातताना तो या आज्ञेसाठीच कातला जात आहे, असा हेतू मनात हवा. कातणारा तो सुरुवातीला तोंडाने उच्चारतोही. दुसऱ्या कामासाठी कातलेले सूत कितीही उत्तम असले तरी चालत नाही. चोरलेल्या लोकरीचे दोरे बाद, कारण शास्त्राने गोंडे ‘स्वतःचे’ करायला सांगितले आहे. उसने आणलेल्या वस्त्राला पहिले तीस दिवस गोंड्यांचे बंधन नाही, कारण तेही ‘स्वतःचे’ नाही. तीस दिवसांनंतर मात्र पाहणाऱ्याला ते त्याचेच वाटू लागते, म्हणून गोंडे लावावेत. हे वाचताना एखाद्या जुन्या पेढीवरचा मुनीम समोर येतो. मालकी कोणाची, ताबा कोणाचा आणि लोकांना काय दिसते, या तीन गोष्टी त्याने वेगवेगळ्या रकान्यांत मांडल्या आहेत.

मोठी गंमत पुढेच आहे. आज्ञा चार टोकांच्या वस्त्रालाच लागू. प्राचीन काळी सारेच चौकोनी वस्त्र अंगाभोवती गुंडाळत. आजच्या सदऱ्याला, कोटाला चार टोके नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे आज बहुतेकांवर कसलेच बंधन नाही. तरीही निष्ठावान यहुदी पुरुष मुद्दाम चार टोकांचे एक लहान वस्त्र शिवून घेतो आणि ते सदऱ्याच्या आत दिवसभर घालतो. त्याला ‘तालित कातान’ म्हणतात. सकाळच्या प्रार्थनेला मोठी शाल, ‘तालित गादोल’, पांघरतो. बंधन नसताना ते ओढवून घेणे ही कल्पना कुठून आली, हे तालमूदमधल्या एका कथेवरून कळते. राव कतिना नावाच्या विद्वानाला एका देवदूताने हटकले. तू उन्हाळ्यात लिननची चादर पांघरतोस, हिवाळ्यात गोल टोकांचा झगा. मग निळ्या दोऱ्याच्या गोंड्यांचे काय होणार? कतिनाने विचारले, की करायचे ते केले नाही म्हणून तुम्ही शिक्षा देता का? उत्तर मिळाले, की रोषाच्या काळी देतो. कतिनाने एकही नियम मोडला नव्हता. त्याने कपड्यांची निवडच अशी केली होती की नियम त्याच्यापर्यंत पोहोचूच नये. कायद्याच्या चौकटीत राहून कर वाचवणे आणि कर लागूच होऊ नये म्हणून सारा संसार वाकवणे, यांतला फरक व्यापारी घरांना वेगळा सांगावा लागत नाही.

‘पाहून’ या एका शब्दावरही बरीच चर्चा झाली. पाहायचे म्हणून दिवसाउजेडी बंधन, रात्री नाही. काळाशी बांधलेल्या आज्ञांतून स्त्रियांना सूट दिली गेली. आज काही उदारमतवादी मंडळ्यांतील स्त्रिया ही शाल पांघरतात आणि सनातनी वर्तुळांत त्यावरून वाद होतो. अंधाला मात्र सूट नाही. त्याला दिसत नसले तरी त्याच्या अंगावरचे गोंडे इतरांना दिसतात. हा निर्णय देणाऱ्यांनी माणूस किती नीट पाहिला होता!

आता निळ्या दोऱ्याकडे. ‘तेखेलेत’ हा रंग ‘हिलाझोन’ नावाच्या समुद्रातल्या जीवापासून मिळे. तो दुर्मीळ आणि महाग, आणि त्याच जातीचे जांभळे-निळे रंग रोमन साम्राज्यात सम्राटांनी आपल्याकडे राखून ठेवले. दिसायला अगदी तसाच रंग ‘काला इलान’ या वनस्पतीपासून मिळे आणि तो स्वस्त होता. मध्ययुगीन कोशकारांनी काला इलान म्हणजे नीळ असे ओळखले. इंग्रजीतले ‘इंडिगो’ हे नाव तर भारतावरूनच पडले आहे. नकली ओळखण्यासाठी तालमूदमध्ये परीक्षा सांगितल्या आहेत: मेथीच्या पाण्यात आणि चाळीस दिवसांच्या मूत्रात दोरा भिजवून रंग उतरतो का पाहणे, त्याने निर्णय झाला नाही तर आंबवलेल्या सातूच्या पिठात तो घालून भाजणे. आणि शेवटी सल्ला असा, की जाणकार आणि विश्वासू माणसाकडूनच घ्या.

सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास ही विद्याच हरवली. निळा दोरा नसला तरी पांढरे गोंडे चालतात, असे शास्त्रात आधीच लिहिलेले होते, म्हणून बाराशे वर्षे यहुदी लोकांनी पांढऱ्यावर भागवले. मग 1887 च्या सुमारास पोलंडमधील राजिन गावचे रब्बी गेर्शोन हेनोख लाइनर यांनी शोध सुरू केला. ते इटलीतील नेपल्सच्या मत्स्यालयात गेले आणि माकुळाच्या जातीच्या एका समुद्रजीवाच्या शाईपासून निळा रंग काढण्याची कृती घेऊन परतले. त्यांचे हजारो अनुयायी निळे गोंडे घालू लागले. पुढे इस्रायलचे मुख्य रब्बी झालेले आयझॅक हर्झोग हे तरुणपणी लंडन विद्यापीठासाठी याच विषयावर प्रबंध लिहीत होते. तो 1913 मध्ये पूर्ण झाला. त्यांनी राजिनचे नमुने रासायनिक तपासणीला पाठवले. निष्कर्ष आला, की हा तर प्रशियन ब्लू! निळेपणा लोखंडाच्या चुऱ्यातून येत होता. शाईच्या जागी दुसरा कोणताही सेंद्रिय पदार्थ घातला असता तरी रंग तोच आला असता. लाइनर लबाड नव्हते. कृती सांगणाऱ्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि पुढे लोकांनी त्यांच्यावर ठेवला. प्रामाणिक हातांतूनही नकली माल पुढे जातो, ही गोष्ट या साऱ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी आहे.

हर्झोग यांनी म्युरेक्स जातीच्या गोगलगाईचाही विचार केला होता. पण तिचा रंग जांभळा येई, निळा नव्हे. 1980 च्या दशकात इस्रायलमधील शेंकार महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्सनर यांच्या लक्षात आले, की रंगाचे द्रावण उन्हात ठेवले तर जांभळेपणा जातो आणि स्वच्छ निळा उरतो. आता त्या गोगलगाईपासून केलेले निळे दोरे विकत मिळतात आणि अनेकजण ते घालतात. बऱ्याच रब्बींनी अजून मान्यता दिलेली नाही. गंमत अशी, की उन्हाने बदललेला हा रंग रसायनशास्त्राच्या दृष्टीने साधी नीळच आहे. अस्सल आणि नकली यांचा मुख्य रेणू एकच! प्रयोगशाळेने फक्त रंगद्रव्य तपासले तर तिला फरक सांगणे अवघड. मग ज्याच्यावर प्राचीन आचार्यांनी एवढा रोष धरला ते पाप नेमके कोणते होते? रंगाचा दोष नव्हता. ‘हे ते आहे’ असे सांगणाऱ्या वाक्यात तो होता. प्रतिरूपकव्यवहारातही वस्तूपेक्षा वाक्यच अधिक दोषी असते.

इथे जैन वाचकाच्या मनात जो काटा रुतला असेल तो लपवणे योग्य नाही. गोगलगाईचा रंग तिला मारूनच मिळतो. जीव जिवंत असताना काढलेला रंग अधिक स्वच्छ उतरतो, अशी चर्चा शब्बाथच्या नियमांच्या ओघात तालमूदमध्ये आहे. 1909 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ पाउल फ्रीडलेंडर यांनी अशाच एका जातीच्या 12,000 गोगलगाई वापरल्या तेव्हा त्यांना 1.4 ग्रॅम रंगद्रव्य मिळाले. अहिंसेच्या तराजूत हे बसत नाही, आणि ते बसवण्याचा प्रयत्नही करू नये. फक्त हे मत नोंदवताना घरातल्या रेशमी पूजावस्त्रासाठी किती कोश उकळत्या पाण्यात गेले, हेही त्याच तराजूत घालावे लागेल. अनेक जैन कुटुंबांनी पूजेला सुती वस्त्र स्वीकारले आहे ते यामुळेच.

गोंड्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा एका मोहाची आहे. या आज्ञेत काटेकोर असलेला एक पुरुष समुद्रापलीकडच्या गावातल्या एका प्रख्यात गणिकेकडे चारशे सुवर्णनाणी पाठवून गेला. चांदीचे सहा पलंग आणि वर सोन्याचा सातवा. तो तिथवर पोहोचला आणि त्याचे चारही गोंडे उडून तोंडावर आपटले. तो खाली जमिनीवर जाऊन बसला. तिने विचारले, माझ्यात काय उणे पाहिलेस? तो म्हणाला, तुझ्यात काही उणे नाही, पण हे चार माझ्याविरुद्ध साक्षीदारांसारखे उभे राहिले. ती स्त्री आपल्या संपत्तीचा एक तृतीयांश राज्याला, एक तृतीयांश गरिबांना देऊन, उरलेला भाग आणि ती अंथरुणे घेऊन रब्बी हिया यांच्याकडे गेली, तिने धर्म स्वीकारला आणि त्याच पुरुषाशी तिचा विधिवत विवाह झाला. कथाकाराने तिला तुच्छ लेखलेले नाही, हे विशेष.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले. परंपरा सांगते, की बाकी बरेच विसरले गेले तरी ‘शेमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द त्यांच्या ओठांवर टिकून होते. गोंड्यांची आज्ञा याच प्रार्थनेच्या तिसऱ्या भागात येते. मुंबईत मांडवीला त्यांचे ‘शार हारहमीम’ हे प्रार्थनास्थळ 1796 मध्ये उभे राहिले. त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. त्या भागात पिढ्यान् पिढ्या दुकाने मांडलेल्या किती जैन घरांना हे ठाऊक असेल?

गोंड्यांचा शेवटचा नियम मरणाशी आहे. यहुदी पुरुषाला पुष्कळ ठिकाणी त्याच्या प्रार्थनेच्या शालीत गुंडाळून पुरतात, आणि पुरण्यापूर्वी तिचा एक गोंडा कापतात; मृतावर आता कोणतीही आज्ञा उरलेली नसते. स्मशानात जाताना जिवंतांनी आपले गोंडे आत खोचून घ्यावेत, असा दंडक आहे. रब्बी हिया आणि रब्बी योनातान कबरींमधून चालले असता योनातान यांच्या वस्त्राचे निळे दोरे कबरींवरून घासत चालले. हिया म्हणाले, ते उचलून धरा. नाहीतर हे म्हणतील, उद्या आमच्याकडे यायचे आहे आणि आज आम्हाला खिजवतात. योनातान यांनी शंका काढली, की मेलेल्यांना काय कळते? यावर दोघांचा बराच वेळ वाद झाला, आणि तालमूदने तो संपूर्ण नोंदवून ठेवला आहे.