शांत रेडिओवर विश्वास ठेवू नका



कोकणी ही माझी घरची भाषा आणि समुद्र हा घरचा शेजारी. लोधीखेड्यात आल्यापासून तो शेजारी दुरावला. परंतु येथे एके सायंकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐकत असता, जवळच एलईडी दिवा लागला आणि निवेदकाचा आवाज खरखरीत बुडाला. दिवा मालवताच तो परत आला. घरात ही केवळ गैरसोय. नौकेवर हाच दोष प्राणांवर बेतू शकतो.

समुद्रात संकटाची हाक व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या वाहिनीवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, देतात. काही एलईडी दिव्यांतील यंत्रणा विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडते व तोडते. त्यातून रेडिओलहरींचा गोंगाट उठतो. असा दिवा डोलकाठीवर एरियलच्या जवळ असेल, तर दुरून येणारी क्षीण हाक त्यात हरवते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली याविषयी इशारा दिला. एका प्रसंगी बचाव केंद्राला एका जहाजाशी व्हीएचएफवरून संपर्कच साधता आला नव्हता.

खरा धोका पुढेच आहे. खरखर कानांवर येऊ नये म्हणून रेडिओला 'स्क्वेल्च' नावाचे बटण असते. ते गोंगाट दाबते, आणि त्याबरोबर हाकही दाबली जाते. तांडेलाला वाटते, सारे शांत आहे! म्हणून अधिक शक्तीचा रेडिओ घ्यावा, हा सल्ला मला पटत नाही. प्रक्षेपणाची शक्ती वाढल्याने आपले बोलणे दूर जाईल. आपले ऐकणे सुधारणार नाही.

त्यापेक्षा बंदरात असतानाच परीक्षा घ्यावी. सर्व दिवे व यंत्रे बंद करावीत, रिकाम्या वाहिनीवर खरखर नुकतीच थांबेल इतकेच स्क्वेल्च फिरवावे, आणि मग एकेक उपकरण चालू करावे. ज्याच्यामागे खरखर उठेल, तोच अपराधी! इंजिनाच्या वेगाबरोबर शिटीसारखा स्वर चढू लागला, तर वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरकडे पाहावे. दिवा एरियलपासून दूर न्यावा किंवा बदलावा. विजेच्या तारा एरियलच्या तारेपासून वेगळ्या ठेवाव्यात. माझ्या मते, नवा दिवा बसविल्यावर ही परीक्षा घेतल्यावाचून कोणत्याही नौकेने किनारा सोडू नये. तिला खर्च जवळजवळ नाही; लागतो तो धीर.

तुमच्यापैकी कोणी उद्या तंत्रज्ञ होईल. त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, दोष दिसत नाही म्हणजे तो नाही, असे नव्हे.