पिंजऱ्याचे प्रयोजन

कोस्टा रिका या चिमुकल्या देशाने मे २०२४ मध्ये आपली अखेरची दोन सरकारी प्राणिसंग्रहालये बंद केली आणि तेथील प्राणी शुश्रूषा केंद्रात हलवले. तसा निर्णय २०१३ सालीच झाला होता; चालक संस्थेशी झालेल्या कज्ज्यात पुढील दशक गेले. ब्यूनस आयर्सनेही २०१६ साली आपले शतकाहून जुने प्राणिसंग्रहालय बंद केले. या वार्तांनी आपल्याकडील प्राणिप्रेमींना उत्साह यावा हे स्वाभाविक आहे. मात्र ‘प्राणिसंग्रहालये हवीत की नकोत’ हा प्रश्न असा सरसकट विचारला की उत्तरही सरसकटच मिळते, आणि ते बहुधा चुकते.

मुंबईच्या राणीच्या बागेचे उदाहरण घ्यावे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्यात आणले गेले. पेरू आणि चिली यांच्या सागरतीरावरील हे पक्षी. त्यांच्यासाठी मुंबईच्या दमट उकाड्यात काचेआड अहोरात्र शीतगृह चालवावे लागते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांतील एक दगावला. पुढे पाच रुपयांचे प्रवेशशुल्क पन्नास झाले आणि गर्दीही लोटली. पण या पक्ष्यांची एकही पिढी येथून पेरूच्या किनाऱ्यावर परतावी अशी कोणाची योजना ऐकिवात नाही. मग हा खटाटोप जतनासाठी की प्रदर्शनासाठी? पांढऱ्या वाघाची कथाही हीच. १९५१ साली रीवा संस्थानात पकडलेल्या ‘मोहन’ची जोडी त्याच्याच कन्येशी लावून ही प्रजा वाढवली गेली. रक्ताच्या नात्यातील संकराने दुबळी झालेली ही प्रजा अरण्यात सोडण्यासाठी नव्हेच. ती तिकिटासाठी आहे.

बंधनाविषयीची ही अस्वस्थता पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनातील पशुपक्ष्यांचा वध करणाऱ्याप्रमाणेच त्यांना पकडणाराही दंडास पात्र ठरतो. अर्थात त्याच ग्रंथात राजाच्या विहारासाठी नखे आणि दाढा मोडलेल्या श्वापदांचे मृगवनही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोन्ही प्रवृत्ती आपल्याच घरच्या आहेत. त्यांतील कोणती जोपासायची, एवढाच प्रश्न.

आपल्या शासनयंत्रणेने तो अर्धामुर्धा सोडवलाही आहे. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने वन्यजीव संवर्धनाला साहाय्य हेच प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट ठरवले. २००९ साली प्राधिकरणाने हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवण्याचा आदेश दिला, तर २०१३ साली डॉल्फिनच्या खेळांना देशात मज्जाव झाला. काही जीवांना कोंडणे हाच अन्याय आहे, हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर ते हत्ती आणि डॉल्फिनपाशीच का थांबावे?

तरीही सर्वच पिंजरे मोडा, असे म्हणता येत नाही. गिधाडे आठवावीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मृत जनावरांतून पोटात गेल्याने १९९० नंतर भारतातील गिधाडे पाहता पाहता नाहीशी झाली. मलबार हिलच्या दख्म्यांवरचे आकाशही रिकामे झाले. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. परंतु तोवर हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वनविभाग यांनी गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे केले होते. तेथील गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. आसामातही पिग्मी हॉग या इवल्या रानडुकराची पैदास १९९६ पासून बंदिवासात होत असून २००८ पासून तो पुन्हा गवताळ रानात सोडला जात आहे. हे पिंजरे नसते तर परत सोडायला हाती काय उरले असते?

जुन्नरच्या उसात पकडलेल्या बिबट्यांचे दुखणे आणखी निराळे. त्यांतील काही जायबंदी, काही माणसांत वाढलेले. अरण्यात त्यांचा निभाव लागणार नाही. माणिकडोहचे निवारा केंद्र अशांसाठीच आहे. करमणूक हे त्याचे प्रयोजन नाही, आणि ते मोडून बिबट्यांना न्याय मिळणार नाही.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी असावी. प्रत्येक प्राणिसंग्रहालयाने आपण कोणती प्रजाती, कोणत्या अरण्यासाठी, किती काळात तयार करीत आहोत हे जाहीर करावे. ज्यांच्यापाशी उत्तर नाही त्यांनी नवे प्राणी आणणे आणि त्यांची पैदास थांबवावी. असलेल्यांची अखेरपर्यंत निगा राखावी. परदेशी पाहुण्यांची आयात तर तत्काळ बंद व्हावी. मुलांनी मग पाहायचे काय, अशी हाकाटी होईलच. राणीची बाग मुळात वनस्पतिउद्यान आहे. तेथे जुनी गोरखचिंच आहे, लाल झुंबरांसारखी फुले मिरवणारी उर्वशी आहे. पेंग्विन पाहायला निघालेली शाळकरी मुलांची रांग रोज त्या झाडांवरून पुढे जाते. त्यांच्यापाशी तिला थांबवणारा एखादा जाणकार शिक्षक महापालिकेने नेमला, तर त्याचा खर्च त्या शीतगृहाच्या वीजबिलाहून खचितच कमी येईल.