अव्ययाचा व्यय

चारठाण्याची जुनी हेमाडपंती देवळं आणि तो उंच दगडी स्तंभ बघायला परगावचा माणूस येतो, तो मान वर करून उभा राहतो. आमच्या बँकेत त्याच चारठाण्याचा माणूस मान खाली घालून उभा असतो. कारण त्याच्या अर्जात 'टू'च्या जागी 'फॉर' पडलेला असतो.

मी बी.कॉम. झालेला माणूस. डेबिट कुठे आणि क्रेडिट कुठे हे झोपेतही सांगीन. पण 'इन', 'ऑन' आणि 'ॲट' या तिघांनी मला शाळेपासून छळलंय. मराठी माणूस कसा, आधी टेबल मांडतो, मग त्याच्यावर वही ठेवतो. इंग्रज आधी 'ऑन' म्हणून मोकळा होतो आणि मग टेबल शोधायला निघतो. 1948 पर्यंत, म्हणजे निजामाच्या अमलात, आमच्याकडे कचेरीची भाषा उर्दू होती. पण तिचा 'पर'देखील मेज आल्याशिवाय पाऊल टाकत नसे!

देशोदेशीच्या माणसांचं तर विचारूच नका. फ्रान्सचा फ्रेंच, हॉलंडचा डच, डेन्मार्कचा डेन. इंग्रजांच्या घरातसुद्धा तीच तऱ्हा. मँचेस्टरचा तो मँक्युनियन, ग्लासगोचा ग्लासवेजियन. आमचा 'कर' बघा. पुण्याला लावा, चारठाण्याला लावा, काम भागतं. (शिवाय भरावा न लागणारा हा एकच कर.)

चारठाण्याच्या एका आजोबांनी फॉर्मवर नॅशनॅलिटीच्या रकान्यात 'इंडिया' लिहिलं. 'इंडियन' पाहिजे म्हणून फॉर्म परत. एका 'न'पायी म्हातारा माणूस दुसऱ्यांदा एस.टी.त बसला. वास्तविक खातं उघडायचा फॉर्म मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावा, असं खुद्द रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. पण मराठी फॉर्म मागितला की आमच्याकडे कपाटाची किल्ली हरवते.

हेही हसण्यावारी नेता आलं असतं. पण मागे एक पोरगा शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज घेऊन आला. कॉलेजची फी भरायला चार दिवस उरलेले. साहेबांनी अर्जातल्या पाच अव्ययांभोवती लाल गोल काढले आणि तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. मीही हसलो, आणि ते आजतागायत मला टोचतंय. पोराचा बाप तेवढा हसला नाही. म्हणाला, "सायेब, आकडे तर बरूबर हायेत ना?"

आकडे बरोबर होते. शेवटच्या पैशापर्यंत.

अहो, सुट्टीच्या दिवसांना इंग्रज 'ॲट द वीकेंड' म्हणतो आणि अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. म्हणून त्या दोघांनी कधी एकमेकांचं कर्ज अडवलंय का? मग आमच्याच पोरांपाशी ही सोवळ्याओवळ्याची ऐट कशाला? परीक्षा घ्यायचीच तर त्याच्या हिशेबाची घ्या.

त्या संध्याकाळी मी पोराला मराठीत नवा अर्ज लिहून दिला. फी वेळेत भरली गेली. जुन्या अर्जावर मात्र साहेबांचा शेरा राहिला होता, 'प्लीज डिस्कस अबाउट धिस'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही, एवढं या बी.कॉम.वाल्यालाही कळतं. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लाल पेनही शेजारीच आहे. पण प्रमोशनचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय.