आणखी एक वही हवी

गेल्या महिन्यात तीन पुस्तके वाचून काढली : नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक, आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून नोंदविलेला गिरणगावचा इतिहास (२००४). पहिल्यात कामगाराचा आत्मविश्वास आहे, दुसऱ्यात १९८२च्या संपानंतरची त्याच्या घराची पडझड, तिसऱ्यात उरलेली स्मृती.

गिरणगाव साहित्यात उतरले ते केवळ प्रतिभेच्या बळावर नव्हे. चाळ, युनियन आणि शाहिरांचे फड यांनी माणसे वर्षानुवर्षे एकत्र बांधली होती.

आमच्या पिंपळे गुरव येथे भाड्याच्या खोलीत राहून चाकणला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराजवळ यांपैकी काय आहे? काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. कंत्राटदार बदलतो, खोलीही बदलते. पाळ्या निराळ्या असल्याने खोलीतल्या सोबत्याशीही धड बोलणे होत नाही. ज्याची नोकरी टिकत नाही, त्याची कहाणीही टिकत नाही.

गिरणगावच्या आठवणींचे ते पुस्तक निघाले तेव्हा बहुतेक गिरण्या थंडावल्या होत्या. आपण तोवर थांबू नये. कार्यकर्त्यांनी सभासद-नोंदणीच्या वहीबरोबर आणखी एक वही बाळगावी, आणि तीत कामगार सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवावे. संघटनेचा आरंभही अशा ऐकण्यातूनच होतो.