मनोरच्या मातीतला पैसा

पालघरच्या एका वाचक भगिनींचे पत्र गणपतीच्या सुमारास आमच्याकडे आले. त्यांचे थोरले दीर परदेशातून येताना पुतण्यासाठी धातू शोधण्याचे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन आले आहेत. मनोरच्या बाजूला घरची थोडी शेती आहे. दिवाळीच्या सुट्टीत यंत्र घेऊन तिकडे जायचे, जमल्यास अशेरीगडावरही चढायचे, असा चिरंजीवांचा बेत आहे. भगिनी विचारतात, "जुनी नाणी सापडायला चांगली जागा कोणती? आणि सापडलीच तर आमच्या डोक्याला ताप तर होणार नाही ना?"

पूर्वी हे काम पायाळू माणसाकडे असे. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते अशी समजूत होती. तिच्यापायी कित्येक घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या, आणि कुठे कुठे त्याहून भयंकर प्रकारही घडले. गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, ते उगीच नव्हे. यंत्र हा त्या मानाने फारच सभ्य पायाळू. मात्र त्यालाही कुठे उभे करायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

नाणे जमिनीत जाते ते एक तर कोणी पुरल्यामुळे, नाही तर कोणाच्या कनवटीतून पडल्यामुळे. बँका नव्हत्या तेव्हा चुलीच्या मागे, गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीच्या पायाशी गाडगे पुरून ठेवीत. पुरणारा माणूस लढाईत किंवा साथीत गेला की गाडगे तिथेच राही. पडलेली नाणी मात्र एकेकटी सापडतात, आणि तीही जिथे माणसांची दाटी होई अशा ठिकाणी. नदीचा उतार, होड्या लागण्याची जागा, बाजाराचा माळ, रस्त्याकडेचे मोठे झाड. तिसरा प्रकार वाहिलेल्या पैशाचा. वैतरणेच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून नाणे टाकणारे हात आजही दिसतात. घाटांवरची पोरे दोरीला लोहचुंबक बांधून असले पैसे काढतात. पण त्यांच्या चुंबकाला लागतात ती अलीकडची पोलादी नाणी. तांब्याच्या शिवराईकडे किंवा चांदीच्या रुपयाकडे चुंबक ढुंकूनही पाहत नाही.

या हिशेबाने मनोर ही वाईट जागा नव्हे. भरतीच्या पाण्यावर वैतरणेतून होड्या इथवर येत. पोर्तुगीजांच्या अमलात 'मनोरा' नावाचा स्वतंत्र परगणा होता आणि जवळच्या अशेरीवर त्यांचे ठाणे होते. त्यांच्या राजमुकुटाचा कोरीव दगड गडावर आहे. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. तेव्हा इथल्या मातीत पोर्तुगिजांचे बुझरूक, सुरतेचा रुपया, शिवराई आणि कंपनी सरकारचा पैसा यांतले काहीही निघू शकते.

तथापि गडाचा विचार चिरंजीवांनी सोडून द्यावा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्यावाचून खणणे हा गुन्हा आहे. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा असे दोन कायदे त्यासाठी आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गडावर खणू नये, असे आमचे मत आहे. का, ते याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याच्या गोष्टीवरून कळेल.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा 'बुरुड राजाचा कोट' नावाचा ढिगारा उघडला. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या मध्यभागी दगडी पेटी. पेटीत एकात एक करंडक, बुद्धाच्या लहान मूर्ती, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि चांदीचे एकच एक नाणे होते, यज्ञश्री सातकर्णीचे. ते जर कोणी आधीच उकरून बाजारात विकले असते तर चांदीच्या भावाने गेले असते. पेटीत, जागच्या जागी सापडले म्हणून ही ठेव इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या आधीची नव्हे, एवढे त्या चिमुकल्या नाण्याने सांगितले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचेही तसेच. १९०६ मध्ये तिथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचे राज्य जिंकले याचा याहून रोकडा पुरावा कोणता? सोनाराच्या मुशीत ते गेले असते तर आठवड्याभरात चांदीच्या साखळ्या झाल्या असत्या, एवढेच.

तेव्हा जागा घरच्याच शेताची धरावी. नांगरट झालेली असेल तर उत्तमच. कूळ किंवा वाटेकरी जमीन कसत असेल तर त्याला आधी विचारावे, आणि त्याला बरोबरही घ्यावे. कुठल्या बांधाशी खापऱ्या लागतात, जुनी वस्ती कुठे होती, हे त्याच्याइतके यंत्राला ठाऊक नसते. पहिल्या पावसानंतर माती धुपून नाणी आपोआप वर येतात, हे पैठण-तेरकडच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी गृहस्थ. गावकऱ्यांना अशा सापडलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतून तिथले सरकारी संग्रहालय उभे राहिले. त्यांच्याजवळ कसलेही यंत्र नव्हते.

यंत्राबद्दल फार आशा धरू नये. त्याच्या वेटोळ्यातून वीज खेळते, तिने जमिनीतल्या धातूत बारीक प्रवाह उठतो आणि यंत्र तो ओळखून कुंई करते. रुपयाएवढे नाणे वीतभर खोलीपर्यंत कळते, त्याखाली बहुधा नाही. शिवाय आपला काळा दगड आणि त्याची माती लोहयुक्त. त्यामुळे इंग्लंडच्या शेतात शहाण्यासारखे वागणारे यंत्र इथे उगीचच ओरडत सुटते. दिवसभराच्या कष्टाला खिळे, बाटल्यांची बुचे आणि गुटख्याच्या चंदेरी पुड्या, एवढी कमाई झाली तर ती नेहमीचीच समजावी.

आणि खरोखरच काही निघाले तर? १८७८ चा निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत सापडलेल्या निधीची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये तेव्हाचे, पण आकडा तोच आहे! पुढे चौकशी होऊन निधी बेवारशी ठरला, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला तो हवा असेल तर किमतीवर आणखी एकपंचमांश देऊन ते घेऊ शकते. लपवले तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कायदा वाटतो तितका वाईट नाही. लोक कलेक्टर कचेरीला भितात म्हणून सोनाराकडे जातात, हीच खरी नुकसानीची गोष्ट. कागदावर तारीख, शेताचा गट क्रमांक, खोली आणि सोबत निघालेली खापरे यांची नोंद करून ठेवावी. नाणे चिंच-लिंबाने किंवा राखेने मुळीच घासू नये. वरचा हिरवा थर गेला की अक्षरेही जातात.

दीरांनाही एक निरोप द्यावा. शंभर वर्षांहून जुने नाणे 'आठवण' म्हणून परदेशी नेता येत नाही, १९७२ च्या कायद्याने त्याला मनाई आहे. आणि जुन्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणारे फोन आले तर ठेवून द्यावेत. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे.

आता आमच्या पसंतीची जागा सांगतो. तिला यंत्र लागत नाही. घरातल्या आजींना त्यांची पुतळ्यांची माळ दाखवायला सांगावे. पुतळी हे मूळ व्हेनिसचे सोन्याचे नाणे. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. व्यापाराबरोबर ते आपल्याकडे आले, बायकांना आवडले आणि सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. नकला होता होता संत मार्काचे काय काय झाले, ते भिंग घेऊन पाहण्याजोगे आहे. शेजारीच देव्हाऱ्यातल्या डबीत पंचम जॉर्जचे रुपये असतील. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. लढाईत सरकारची चांदी कशी आटत गेली, हे मुलाला त्या डबीतच तारखा लावून पाहता येईल. कोणत्या रुपयावर आजींना काय घेतल्याचे आठवते, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.