आधी उष्णता, मग तरफ

घरासाठी साधे लिव्हर एस्प्रेसो यंत्र करायला घेतलेल्या वाचकांची ड्रॉइंग्ज अलीकडे आमच्याकडे येऊ लागली आहेत. हँडल, टेकू, दांडा सगळे रेखीव असते. पण कॉफीपर्यंत पोचताना पाणी किती गरम उरेल, याचा आकडा त्यांत क्वचितच सापडतो. या यंत्राच्या रचनेची सुरुवात त्याच आकड्यापासून व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

तरफेचे गणित शाळेतले आहे. ४९ मि.मी. व्यासाच्या दट्ट्याखाली ९ बार दाब आणायला सुमारे १७३ किलोचा भार लागतो. तरफेचा यांत्रिक फायदा बारा पट ठेवला की हाताच्या वाट्याला साडेचौदा किलो येतात, वर घर्षण वेगळे. ६० मि.लि. पाणी ढकलताना हा दट्ट्या ३२ मि.मी. खाली जातो, म्हणजे हँडलचे टोक ३८ सें.मी. फिरते. ओट्यावरच्या कपाटाखाली तेवढी जागा आहे का, हे ड्रॉइंग सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. हॉटेलातल्या यंत्राप्रमाणे ५८ मि.मी.च हवेत असा आग्रह धरला, तर भार २४२ किलोंवर जातो. मग एका हाताचे काम राहत नाही.

उष्णतेचे तसे नाही. पितळेचा एक किलोचा भरीव ग्रुप २५ अंशांना आहे आणि त्यात ९८ अंशांचे ६० मि.लि. पाणी ओतले, असे धरा. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण तेवढ्यालाच उकळते. धातू आणि पाणी यांचे तापमान पूर्ण जुळले, तर ते ५४ अंशांवर येऊन थांबेल. अर्ध्या मिनिटात ते पूर्ण जुळत नाही हे खरे, पण एस्प्रेसोला हवे असतात ९० ते ९५ अंश. असा ग्रुप आधी तापवून घेतल्याशिवाय कॉफी आंबट आणि पातळच उतरणार. त्याच जागी दीडशे ग्रॅमचा स्टेनलेस सिलिंडर घेतला, तर हिशेब ८१ अंशांवर येतो. हा सिलिंडर उकळत्या पाण्याने एकदा विसळून घेतला की उरलेली तफावत जवळजवळ भरून निघते.

पातळ भिंत दाब सोसेल का, ही शंका बहुतेकांना येते. ४९ मि.मी. आतल्या व्यासाच्या, १ मि.मी. जाडीच्या नळीत ९ बारला सुमारे २२ मेगापास्कल ताण येतो. ३०४ स्टेनलेसची मर्यादा दोनशेच्या वर आहे. तेव्हा वजन द्यायचे ते बाहेरच्या चौकटीला आणि पोर्टाफिल्टरच्या खाचांना. खरा भार तिथे येतो. पाण्याला लागणारा धातू जितका कमी, तितके बरे.

आता बॉयलर. मिलानमध्ये आकिले गाज्जियाने १९४८ मध्ये स्प्रिंगचे लिव्हर यंत्र बाजारात आणले आणि वाफेच्या जोरावर निघणारी करपट कॉफी मागे पडली. ते यंत्र कॅफेसाठी होते. दिवसभर तापलेल्या यंत्राला बॉयलर शोभतो. ला पावोनीच्या युरोपिकोलाने तीच मांडणी घरात आणली. देखणे आणि टिकाऊ यंत्र आहे, पण बॉयलरमध्ये ०.८ बारला पाणी ११७ अंशांच्या आसपास असते आणि लागोपाठ दोन-तीन कप काढले की ग्रुप नको इतका तापतो. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशरस्टॅट, हीटर आणि या सगळ्यांची तपासणी आलीच.

याउलट १९५० च्या दशकातली फाएमा बेबी पाहा. बॉयलर नाही, वीज नाही. पाणी किटलीतून ओतायचे आणि दोन्ही बाजूंचे दांडे खाली दाबायचे. आजचा काफेलात रोबोट त्याच वाटेने गेला आहे. दोन दांड्यांमुळे भार विभागला जातो आणि यंत्र एका अंगाला कलंडत नाही. हात सोडला की दाब तिथेच संपतो, कारण पाणी फारसे दबत नाही आणि त्यात साठलेली ऊर्जा नगण्य असते. स्प्रिंगच्या यंत्रात मात्र कॉफी जाडसर दळली गेली, तर हँडल झटक्यात वर येते आणि हनुवटीवर बसू शकते. पहिलेच यंत्र करणाऱ्याने स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नये.

दुधाचा फेस हवा असेल, तर त्यासाठी वेगळे भांडे घ्यावे. त्याकरता बॉयलर परत आणू नये. पाण्याला लागणाऱ्या भागात शिसे असलेले फ्री-कटिंग पितळ वापरू नये. लेथवर ते सुरेख चालते, म्हणून मोह होतो. सील खाद्यदर्जाच्या सिलिकॉनचे असावे आणि घरच्या माणसाला हत्याराशिवाय बदलता यावे.

ज्यांचे प्रोटोटाइप तयार आहेत, त्यांनी थर्मोकपल किटलीत न ठेवता कॉफीच्या थरावर ठेवून, लागोपाठ तीन कपांचे तापमान मोजावे आणि ड्रॉइंगसोबत ते आकडे पाठवावेत. कमी आले तरी पाठवा. आम्ही ते ड्रॉइंगसह छापू.