कुंडीतली रानमिरची म्हणजे संवर्धन नव्हे

परदेशातून दुर्मीळ रानमिरचीचे बी मागवायचे, ते गच्चीवरच्या कुंडीत रुजवायचे, पहिल्या फळाचे छायाचित्र टाकायचे आणि खाली ‘एक प्रजाती वाचवली’ असे लिहायचे, ही रीत हौशी मंडळींत रूढ होऊ लागली आहे. हौसेला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या शेवटच्या वाक्याला आणि ते न तपासता विज्ञानवार्ता म्हणून पुढे ढकलणाऱ्यांना.

आधी ‘रानमिरची’ या शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. कॅप्सिकम हा वनस्पतिवंश मूळचा अमेरिका खंडांतला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्गीकरणग्रंथात ४३ प्रजाती मान्य केल्या आहेत आणि त्यांपैकी अवघ्या पाच माणसाने शेतीत रुळवल्या. भारतात मूळची अशी एकही नाही. मिरची येथे पोर्तुगीजांबरोबर आली. २००७ मध्ये जगातील सर्वांत तिखट म्हणून गिनेसच्या नोंदीत गेलेली ईशान्येची भूत जोलोकिया हे शेतकऱ्यांनी जोपासलेले वाण आहे, रानटी प्रजाती नव्हे. कुंपणाकडेला पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवणारी बारीक मिरचीदेखील लागवडीतूनच निसटलेली. खऱ्या रानमिरच्या बोलिव्हिया, पेरू, ब्राझील, मेक्सिको अशा प्रदेशांत आहेत आणि त्यांचे भवितव्य तेथील डोंगरउतारांवर ठरते.

या रानमिरच्यांचे मोल खरोखर मोठे आहे. कॅप्सिकम चाकोएन्से ही दक्षिण अमेरिकेतील रानटी प्रजाती. तिच्या ‘पीआय २६०४३५’ या नोंदक्रमांकाच्या नमुन्यात जिवाणूजन्य ठिपके रोगाला रोखणारा बीएस-२ हा जनुक सापडला. तो ढोबळ्या मिरचीत संकराने आणला गेला. १९९९ मध्ये तो वेगळा करून टोमॅटोतही कार्यरत असल्याचे दाखवले गेले. या साऱ्या कामाचा पाया तो नोंदक्रमांक होता. बी कोठून आले, कोणत्या झाडांचे, कोणी कसे वाढवले, याची अखंड साखळी असल्यामुळेच दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच बी घेऊन तोच निष्कर्ष पडताळता आला. पाकिटावर नुसते ‘दुर्मीळ’ लिहून विकल्या जाणाऱ्या बियांमागे अशी साखळी नसते. त्यातून उगवलेले झाड कितीही देखणे असले तरी त्याच्याविषयी विज्ञानाला काहीही ठामपणे म्हणता येत नाही.

पुढच्या पिढीचे बी तर त्याहून संशयास्पद. मिरचीची फुले स्वतःच्या परागाने फळतात हे बहुतेक वेळा खरे असले तरी मधमाश्या एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत फिरतात आणि जवळच्या प्रजातींचा संकर सहज होतो. जाळी न बांधता शेजारी दहा प्रकारच्या मिरच्या ठेवून धरलेले बी ‘शुद्ध’ म्हणून मित्रांना वाटणे ही संवर्धनाची नव्हे, सरमिसळीची वाट आहे. उलट बोलिव्हियातील कॅप्सिकम कार्डेनासी स्वतःच्या परागाला दाद देत नाही. तिचे एकुलते एक झाड वर्षानुवर्षे फुलत राहील, पण दुसऱ्या झाडाच्या परागावाचून बी धरणार नाही. एका कुंडीत प्रजाती ‘वाचत’ नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता रुजवणीच्या पाककृतींकडे वळू. रानमिरचीचे बी लागवडीच्या मिरचीसारखे आठवड्या-दीड आठवड्यात उगवत नाही; कित्येकदा महिना-दोन महिने लागतात, आणि तेही एकाच वेळी नाही. म्हणून कोणी ते पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवतो, कोणी जिबरेलिक आम्लात, कोणी चहाच्या पाण्यात. मग दहा बियांपैकी सहा उगवल्या की उपाय सिद्ध झाला! तुलनेसाठी न भिजवलेले बी लावलेलेच नसते. लावले असते आणि त्यातील चार उगवल्या असत्या, तरी हा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो. दहापैकी सहा या निकालावरून उगवणीचे खरे प्रमाण ३१ टक्के आहे की ८३ टक्के, एवढेसुद्धा सांगता येत नाही.

पक्ष्यांच्या पोटातील आम्ल बीजकवच झिजवते म्हणून बी रुजते, हे वाक्यही असेच सर्वत्र फिरते. बोलिव्हियात चाकोएन्सेवर झालेल्या अभ्यासात पक्ष्याच्या पोटातून गेलेल्या बियांचे तगण्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले आढळले. पण त्याचे कारण निराळे होते: बियांवरील बुरशी घटली होती आणि मुंग्यांना खेचून आणणारा गंधही कमी झाला होता. आकर्षक कथा आणि तपासलेले कारण यांतले हे अंतर ज्यांना विज्ञान शिकायचे आहे त्यांनी तरी पुसू नये.

सर्वांत गंभीर मुद्दा टपालाच्या लिफाफ्याचा. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी बियाण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ही केवळ कागदी कटकट नाही. टोमॅटो आणि मिरचीला ग्रासणारे टोबॅमो गटातील विषाणू बीजकवचावर टिकून राहतात आणि हाताच्या साध्या स्पर्शाने रोपांत पसरतात. २०२१-२२ च्या हंगामात एका परक्या फुलकिडीने आंध्र आणि तेलंगणातील मिरचीची शेते कशी उद्ध्वस्त केली, हे देशाने पाहिले आहे. ती कीड लिफाफ्यातून आली असे कोणी म्हणत नाही. पण बाहेरून आलेल्या जिवाची किंमत कोण मोजतो, हे तिने दाखवून दिले. गच्चीवरच्या हौसेची जोखीम गुंटूरच्या शेतकऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाच नाही.

यावर उत्तर येते की संस्थांची दारे बंद आहेत, सामान्य नागरिकाने करायचे तरी काय? तक्रारीत तथ्य आहे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची व्यवस्था संशोधकांसाठी आहे. हौशी माणसाला तेथे सहज वाट सापडत नाही. परंतु दार अरुंद आहे म्हणून भिंत फोडणे हा उपाय नव्हे, दार रुंद करण्याची मागणी करणे हा आहे. ब्यूरोने आणि कृषी विद्यापीठांनी देशी मिरचीच्या वाणांचे क्रमांकित बी प्रशिक्षित नागरिकांना उगवण-चाचणीसाठी द्यावे. गोव्याची खोला, नागालँडची नागा मिरची, सिक्कीमची डल्ले यांच्यासाठी शेकडो कुंड्या खरोखर उपयोगी पडतील. आणि रानमिरची वाचवायची तर तिच्या अधिवासातच. अ‍ॅरिझोनात १९९९ मध्ये चिल्टेपिनसाठी रानच राखून ठेवले गेले, ते याच जाणिवेने.

तोवर ज्याच्या कुंडीत जे झाड आहे, त्यावर एक चिठ्ठी असावी: बी कोठून आले, कोणत्या दिवशी पेरले, किती पेरले, किती उगवले, आणि फुलांवर जाळी होती की नाही. या पाच ओळी ज्याला लिहिता येत नाहीत, त्याने मिरची आनंदाने खावी. पण ‘प्रजाती वाचवली’ असे मात्र लिहू नये.